दादाला बघायला येणार होते

लातूरच्या निवासगृहातून फोन आला की तुमच्या भावाची पाहणी करायला आमच्या मॅडम घरी येतील. मी तो निरोप जसाच्या तसा मुदखेडला आईला कळवला. 'तयारीत राहा' एवढंच मी वर म्हणाले. तयारी म्हणजे काय ते सांगायचं राहिलं, आणि आईने दुसऱ्याच दिवशी पुढच्या खोलीला रंग मारायला माणूस बोलावला.

दादा माझा थोरला भाऊ. डोक्याचे केस पिकलेत, पण समज लहान मुलाएवढी, जन्मापासूनच. वडील रेल्वेत होते. ते गेल्यापासून त्या घरात आई आणि दादा दोघंच. मागच्या उन्हाळ्यात आई चक्कर येऊन मोरीत पडली. दादा तिच्याजवळ बसून राहिला. कुणाला हाक मारावी हे त्याला सुचलं नाही. शेजारचे टेलर चाचा त्याचा शिवलेला शर्ट द्यायला आले म्हणून आई वाचली. त्या दिवसापासून मी निवासगृहाच्या मागे लागले.

तिथे दादासारखीच मोठ्या वयाची माणसं राहतात. माझ्या घरापासून रिक्षाने जाण्यासारखं आहे. आई आहे तोवरच हळूहळू सवय लावतात, आधी दिवसापुरती, मग रात्रीची. पण जागा मोजक्या. ज्याला कायम कुणाची तरी सोबत लागते त्यालाच घेतात. ज्याचं त्याला जमतं, त्याला नाही. दादाला स्वतःकडे का नेत नाहीस, असं मला पुष्कळजण विचारतात, म्हणून सांगून टाकते. नेलं होतं. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आणि आम्ही, दोन खोल्यांत. दादा आमच्या फाटकाला धरून उभा राहिला. जेवेना, झोपेना, फाटक सोडेना. शेवटी त्याला परत न्यायला आईलाच लातूरला यावं लागलं.

तर मॅडम सोमवारी येणार होत्या. मी शाळेत कारकून आहे, परीक्षेचे दिवस, तरी रजा टाकली. लातूरहून नांदेड, नांदेडहून मुदखेड असं धक्के खात पोचले, तर फोन आला की आज गाडी मिळाली नाही. पुढच्या खेपेला मॅडम प्रशिक्षणाला गेल्या होत्या. त्याच्या पुढच्या खेपेला फोनच आला नाही. मी केला तर पलीकडचा माणूस म्हणाला, "मुदखेड लांब पडतं ना हो." जसं काही मुदखेड मी तिथे नेऊन ठेवलं होतं!

प्रत्येक खेपेला आई सगळं नव्याने करायची. पडदे धुतलेले, दादाची दाढी केलेली, डोक्याला तेल, कांदा-मिरची चिरून ठेवलेली, मॅडम आल्या की चुरमुऱ्यांचा गरम सुशीला टाकायला. मॅडम यायच्या नाहीत आणि तो सुशीला आम्हीच खायचो. मी चिडून म्हणायचे, "आई, त्यांना काय येत नाही ते बघायचंय. तू त्याला नवरदेवासारखा कामून सजवून राहिलीस?"

"मग काय येड्यासारखा बसवू का पाव्हण्यांपुढं? चार माणसांत लेकराची शोभा करू?"

ते लेकरू पन्नाशीला टेकलंय. पण आईचंही खोटं नाही. जन्मभर तिने हेच केलं. दादाला घरी ठेवायचं, पण तो तसा आहे हे दिसू द्यायचं नाही. मला बघायला पाहुणे यायला लागले तेव्हा तर तिने त्याला महिनोन् महिने शिकवलं. दार वाजलं की उघडायचं. हात जोडायचे. 'बसा, आई येतेच' म्हणायचं. मग आईने खूण केली की आत जायचं, ट्रेमध्ये पाणी आणायचं, सांडायचं नाही. बस्स. पुढचं कुणी काही विचारायच्या आत आई बाहेर यायची आणि बोलणं आपल्याकडे घ्यायची. माझ्या सासरचे घरी जाताना म्हणाले होते, मुलीचा भाऊ मोठा शांत आहे. आईला तेव्हा झालेला आनंद मी माझ्या लग्नातही पाहिला नाही.

त्याच्या शर्टांचंही तेच. त्याला बटणं लावता येत नाहीत. म्हणून चाचा त्याच्या शर्टांना आतून वेल्क्रोची चिकटपट्टी लावतात आणि वरून नुसती बटणं शिवून टाकतात. काज नाही, काही नाही. दादा पट्टी दाबतो आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं, काय टापटीप माणूस आहे! चाचा शिवून देतात खरे, पण त्या दिवसांत तेही आईला म्हणाले, "भाभी, उनके सामने तो छुपाओ नक्को." आईने मान डोलावली आणि नव्या शर्टाला आणखी ठसठशीत बटणं लावून घेतली.

मॅडम शेवटी आल्या त्या न कळवता. मी तेव्हा तिथे होते हा केवळ योग. आईच्या गुडघ्याला इंजेक्शन द्यायचं म्हणून मी आदल्या दिवशी गेले होते. दार वाजलं. दादाने उघडलं, हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "बसा. आई येतेच."

मॅडम बसल्या. वयाने माझ्यापेक्षा लहान, घामाघूम, पायांवर धूळ. मला त्यांचा राग राग करायचा होता, इतक्या महिन्यांचा साठवलेला, पण त्या बाई येताना अर्धी वाट चालत आल्या होत्या, गाडी फाट्यावरच बंद पडली होती. माझा सगळा संताप वाया गेला.

आई आतून डोक्यावर पदर घेत आली. मॅडम एकेक विचारायला लागल्या आणि आई उत्तरं द्यायला लागली.

"दादा आपलं आपलं जेवतात?"

"हाव. जेवतो की."

"अंघोळ?"

"करतो. त्याला घान चालतच न्हाई."

"कपडे? शर्टाची बटणं?"

"समदं त्याचं तोच करतो, बाई."

मॅडम लिहीत होत्या आणि माझ्या डोळ्यांपुढे ती जागा निसटून चालली होती. अंघोळ आई घालते. भाताचे घास कालवून ताटात लावून देते. माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "आई, ती पट्टी दाखव त्यांना. नाहीतर मी दाखवते."

आई माझ्याकडे बघून फक्त एवढंच म्हणाली, "त्याच्यासमोर न्हाई."

दादा खुर्चीत ताठ बसला होता, नव्या शर्टात, हात मांडीवर. पाहुणे आलेत आणि आपण चुकलो नाही, याचं समाधान त्याच्या तोंडावर होतं. मी पट्टी दाखवली नाही. आई सुशीला करायला उठून आत गेली, म्हणजे तिच्या मते कार्यक्रम पार पडला होता.

मग मॅडमनी वही मिटली आणि सरळ दादालाच विचारलं, "दादा, आई गावाला गेली आणि घरी आलीच नाही, तर तुम्ही काय कराल?"

इतक्या वर्षांत त्याला असलं कुणी विचारलं नव्हतं. आम्हीही नाही. त्याने कपाळाला आठ्या घातल्या. मग त्याला उत्तर सापडलं.

"बसा," तो म्हणाला. "आई येतेच."

"हो. पण नाही आली तर?"

मॅडमना कळलं नसावं असं वाटून त्याने आपली खुर्ची थोडी पुढे ओढली आणि त्यांना समजावल्यासारखं हळू म्हणाला, "बसा ना. येतेच आई."

आतला झाऱ्याचा आवाज थांबला होता. आई दारात उभी होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. तिने गॅस बंद करून ये असं मला खुणेने सांगितलं. मी जाऊन आले तरी ती तिथेच. मग तिने दादाला रोजच्याच आवाजात सांगितलं, "जा राजा, बाईंला पाणी आन."

तो उठला आणि आत गेला. आई मॅडमच्या पुढ्यात खाली फरशीवर बसली. गुडघा वाकत नाही तिचा, तरी बसली.

"लिवा बाई," ती म्हणाली. "मगाचं समदं खोडा. अंघोळ मी घालते. घास करून देते. बटनं येत न्हाईत, खोटी हायत ती. रस्ता वलांडता येत न्हाई. पैसा कळत न्हाई. दुखलं तर कुठं दुखतंय ते सांगता येत न्हाई, मलाच हात लावून बघावं लागतंय. मी मोरीत पडले तर बसून राहिला. लिवा."

ती भरभर बोलत होती, एका सुरात, नजर आतल्या दाराकडे. माठाचं झाकण वाजलं, पेला भरल्याचा आवाज आला. तो परत यायच्या आत तिला संपवायचं होतं. मी तिला इतके महिने हेच सांगायला सांगत होते, आणि आता मला ते ऐकवेना.

"एकटे राहू शकतील?" मॅडमनी विचारलं.

"न्हाई. एक रातबी न्हाई."

मॅडम लिहिता लिहिता म्हणाल्या, "आजी, आता जागा मिळायला अडचण नाही. सवय लावायला पुढच्या महिन्यात तुम्ही दोघं या."

आईने पदराने तोंड पुसलं. दादा ट्रे दोन्ही हातांनी धरून, पेल्यावरची नजर न हलवता, पाऊल मोजत आला. थेंब सांडला नव्हता. ट्रे ठेवून त्याने वर पाहिलं, तर आई मॅडमच्या समोर बसलेली. त्याचा चेहरा एकदम उजळला आणि त्याने मॅडमना सांगितलं, "आली बघा आई."