जिन्याखालची खाडी

नौपाड्यातल्या ज्या शाळेत मी विज्ञान शिकवलं, तिथल्या जिन्याखालच्या खोलीबाहेर अजूनही एक पाटी आहे. खाडीचं मत्स्यालय चालवणारा आणि टाकीत भरती-ओहोटी आणणारा म्हणून तिच्यावर माझं नाव आहे. त्यातलं अर्धंच खरं आहे. उरलेलं सांगायला मी फार वर्षं लावली.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ही खोली रिकामी झाली. तिथे रंगीत मासे ठेवायचं ठरत होतं. मी म्हटलं, ठाण्याच्या मुलांना ठाण्याची खाडी दाखवू. मुलांना ती पुलावरून येणाऱ्या वासापुरतीच माहीत होती. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात फिटर असलेल्या एका पालकांनी लोखंडी सांगाड्याची मोठी काचेची टाकी करून दिली. ती मी खाडीच्या पाण्याने काठोकाठ भरली आणि बाजारातल्या एका कोळीणमावशींकडून जिवंत निवट्या, खाडीतले बोटभर मासे, आणून सोडल्या. दोन दिवसांत सगळ्या मेल्या. पुन्हा आणल्या, पुन्हा मेल्या. पाणी गाळलं, हवेचा पंप लावला, तरी तेच.

चौथ्या खेपेला मावशींनी माशांच्या पाटीवरचा हात काढला नाही. "मास्तर, खरं सांग. खातंस का पालतंस?"

"पाळतो हो मावशी. पण जगत नाहीत."

"चल, दाखव."

पाटी शेजारणीकडे सोपवून त्या तडक शाळेत आल्या. टाकी पाहिली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "अरे मास्तर, तू निवटीला बुडवून मारलंस! ती चिखलावर चालते, तोंड वर काढून हवा घेते. तिला बसाला जागा कुठं हाय?"

मी विज्ञानाचा पदवीधर. मासा म्हणजे पाणी, यापलीकडे माझी अक्कल गेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन घमेली चिखल आणला, टाकीत उतार करून थापला, वर तिवराची, खाडीकाठच्या खारफुटीची, दोन रोपं रोवली. मग म्हणाल्या, "आता पाणी चढव नि उतरव. रोज. खाडीत उभं पाणी कधी असतं का?"

"कधी चढवू?"

"तिथी बघ. तिथीची पाऊणपट कर, तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला सहा. चतुर्थीला तीन. आपली खाडी आत हाय, पाणी जरा मागनं येतं, तो उशीर धर."

मी आणि त्या पालकांनी टाकीच्या तळाला भोक पाडून रबरी नळी बसवली आणि तिचं दुसरं टोक कप्पीवर टांगलेल्या बादलीला जोडलं. बादली वर ओढली की टाकीत भरती, खाली सोडली की ओहोटी. पहिल्या ओहोटीला निवट्या चिखलावर आल्या, एकमेकींवर पाठीवरचे पर उभारून भांडल्या. आठवडाभरात त्यांनी बिळं केली. मुलं पंचांग बघून दोर ओढायची पाळी लावू लागली. आयुष्यात मी इतकं चांगलं काही शिकवलं नाही.

मावशींची एक अट होती. पंधरा दिवसांनी जुनी जनावरं खाडीत परत, मग नवी आत. "माझी खाडी हाय, उसनी दिलीय," म्हणायच्या. पोटाखाली अंडी घेतलेली चिंबोरी, म्हणजे खेकड्याची मादी, विकायची नाही, ती सोडून द्यायची, हेही त्यांनी मुलांना टाकीपाशीच दाखवलं. महिन्याभरात बाजारात मला पाहून ओरडल्या, "मास्तर, तुझ्या पोरांनी धंदा बसवला! त्या बाजूच्या पाटीवर अंड्याची चिंबोरी होती, तुझा एक पोरगा आईला घेऊ देईना!" आणि आजूबाजूच्या सगळ्या बायका हसल्या. मावशींचा चेहरा मात्र सत्कार झाल्यासारखा फुलला होता.

डोंबिवली-कल्याणच्या शाळा सहली घेऊन येऊ लागल्या. खाडीकाठच्या तिवरांवर भराव टाकू नका, अशी पत्रं मुलांनी पालिकेला लिहिली. काही महिने भरावाचे ट्रक थांबले. मग एक दिवस टाकी पाहायला मोठे अधिकारी आले. तृतीया होती, म्हणून अडीचच्या सुमाराची वेळ मावशींनीच धरून दिली होती. त्या नवी साडी नेसून, गजरा माळून दाराशी उभ्या होत्या.

पाणी चढलं. अधिकारी थक्क झाले. "ही भरतीची कल्पना कोणाची?"

"माझीच," मी म्हणालो.

कोणी जबरदस्ती केली नव्हती. वर्तमानपत्रवाला वही उघडून उभा होता, मुख्याध्यापक अभिमानाने बघत होते, आणि शब्द निघून गेला. दाराकडे पाहायचं धैर्य झालं नाही. पाहिलं तेव्हा दार रिकामं होतं.

मला वाटलं, आता निवट्या बंद. पण पंधरवड्याला त्या नेमाने आल्या, जुन्या नेल्या, नव्या दिल्या. फक्त म्हणाल्या, "साहेब, डबा इथं ठेवलाय." त्यानंतर मला मास्तर म्हणून त्यांनी एकदाही हाक मारली नाही. नव्वदच्या दशकात खोली संगणकांसाठी गेली तोवर मी साहेबच राहिलो.

मावशी आता नाहीत. गेल्या महिन्यात मी त्यांच्या मुलीकडे गेलो. ती बाजारात आईच्याच जागी बसते. सगळं सांगून टाकलं. ती कोळंबी निवडत ऐकत राहिली.

"आईला ठाऊक होतं तुम्ही कधीतरी याल," ती म्हणाली. "राग होता तिला. पण कोळीवाड्यात पाहुणा आला की शाळेकडे बोट करायची. म्हणायची, तिथं जिन्याखाली माझी खाडी ठेवलीय, रोज भरती येते तिला."

पाटी बदलण्याचा अर्ज मी शाळेत दिला आहे. त्यात लिहिलंय, कप्पी आणि बादली फिटर पालकांची व माझी; भरती मावशींची. अर्जाची प्रत त्यांच्या मुलीला वाचून दाखवली. तिने हात पुसले, कागद दोनदा पाहिला आणि म्हणाली, "बरोबर आहे, मास्तर."