पाणबुडीतला ठसका

"बॅटरीत पाणी शिरलंय का? लगेच सांग!"

इंटरकॉमवर कॅप्टनसाहेबांचा आवाज आला, तेव्हा माझेही डोळे चुरचुरत होते. आमची पाणबुडी नुकतीच खोल गेली होती आणि सगळीकडून खोकण्याचे आवाज येत होते.

मी इलेक्ट्रिकल चीफ होतो, बॅटरी माझ्या ताब्यात. आता कळसाडीला ऊस-कापूस बघतो. गावात सगळे विचारतात, पाणबुडीत असतं तरी काय? अहो, मशिनं असतात. माणसं उरलेल्या जागेत राहतात. पुढे टॉर्पेडो, मध्ये कंट्रोल रूम आणि पाण्यातले आवाज टिपणारं सोनार, मागे डिझेल इंजिनं आणि मोटर. पायाखाली बॅटरी, एकेक सेल छातीएवढा उंच. डिझेलला हवा लागते. म्हणून अधूनमधून वर येऊन स्नॉर्केल नावाची नळी पाण्याबाहेर काढायची, इंजिनं चालवायची, बॅटरी चार्ज करायची. खाली गेलं की सगळा कारभार बॅटरीवर.

त्या बॅटरीच्या ॲसिडमध्ये समुद्राचं पाणी मिसळलं, तर क्लोरीन गॅस होतो. आधी डोळे, मग घसा, मग फुप्फुसं. या गॅसला आम्ही टॉर्पेडोपेक्षा जास्त घाबरतो. तसं असेल तर ताबडतोब वर येणं भाग होतं. सराव चालू होता, आपलीच जहाजं आम्हाला शोधत होती. वर येणं म्हणजे हरणं. न येणं म्हणजे कदाचित सगळ्यांचा जीव.

मी मुद्दाम वास घेतला. सणकून ठसका लागला आणि ओळख पटली. मिरचीच्या पथारीवर, म्हणजे नंदुरबारला मिरची वाळवतात त्या मैदानात, मी लहानपणी मनसोक्त खोकलोय.

"सर, ही मिरची वाटतेय."

"वाटतेय?"

"बॅटरी बघून सांगतो."

मास्क लावला, झाकण उघडलं आणि सेलवरून सरपटत आत गेलो. तळाशी टॉर्च मारला. तळ कोरडा ठणठणीत.

"पाणी नाही, सर. वर यायची गरज नाही."

मग गॅलीत, म्हणजे स्वयंपाकाच्या खोपटात गेलो. आमचा कुक सलीम तळोद्याचा, माझ्याच जिल्ह्यातला, म्हणून आमचं बोलणं अहिराणीत. तव्यावर ओलं फडकं दाबून उभा होता.

"काय जाळी ऱ्हायना रे सलीम?"

"मिरच्या भाजी ऱ्हायंतू, भाऊ. जेवणले डिझेलना वास ये. कोणी पोटभर जेवी नई ऱ्हायनं."

त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. स्नॉर्केल चालू असताना इंजिनं बोटीतली हवा ओढतात, धूरही तिच्याबरोबर जातो. फोडण्या आम्ही तेव्हाच देतो. पण फोडणी क्षणात होते. या पठ्ठ्याने तवाभर सुक्या मिरच्या काळ्या होईपर्यंत भाजायला घेतल्या होत्या! तेवढ्यात पेरिस्कोपमध्ये जहाज दिसलं, डिझेल बंद झालं, आणि पंखे तीच हवा बोटभर फिरवू लागले.

दुसऱ्या दिवशी सलीमची बॅजची, म्हणजे पाणबुडीवाला म्हणून पक्कं होण्याची परीक्षा होती. पाणबुडीत कुकलासुद्धा प्रत्येक यंत्रणा यावी लागते. नापास झाला तर बोट सोडावी लागते.

"मन्हा बॅज गया का, भाऊ?"

मला त्याची फार दया आली. साहेबांनी बोलावलं, तेव्हा मीही मागोमाग गेलो. साहेबांचे डोळे लाल होते.

"डिझेल बंद झाल्यावर बोटीत हवा कशी फिरते?"

सलीम अवघडून म्हणाला, "सर, आधी मेस खोकली. मग कंट्रोल रूम, मग सोनारवाले. शेवटी टॉर्पेडो रूम. म्हणजे गॅलीतून पुढे जाते."

"आणि बॅटरीत?"

"तिचा पंखा वेगळा आहे, सर. तिथे धूर गेला नसणार."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. आत मला धूर दिसला नव्हता.

"हा प्रश्न मी उद्या विचारणार होतो," साहेब म्हणाले आणि खोकले. खोकले की हसले, ते आम्ही विचारलं नाही.

सलीमला बॅज मिळाला. समुद्रात मिरची भाजायला कायमची बंदीही मिळाली. भाजलेल्या मिरच्यांचा ठेचा मात्र झाला, आणि त्या दिवशी सगळे पोटभर जेवले.

धडा म्हणाल तर साधा आहे. समुद्राच्या पोटात आपल्या गावचा वास आला तरी हरखून जायचं नाही. आधी बॅटरी बघायची.