वन्संचं स्टूल

माझ्या मोठ्या वन्सं, म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, चादरी-पडद्यांच्या दुकानात उभ्या राहून म्हाताऱ्या झाल्या. दुकानातल्या मुली त्यांना लाडाने 'खांब' म्हणायच्या. गिऱ्हाईक असो नसो, काउंटरमागे कुणी टेकायचं नाही, असा मालकांचा दंडक. "तुम्ही बसलात की माझा धंदा बसला," हे त्यांचं पालुपद.

वन्संनी लग्न केलं नाही, आमच्याकडेच असतात. पोटऱ्यांवर शिरांच्या गाठी आल्या होत्या, घोट्याजवळची कातडी काळी पडली होती. "अशाच उभ्या राहिलात तर इथे जखम होईल, आणि ती लवकर भरायची नाही," डॉक्टरांनी बजावलं होतं. नोकरी सोडा म्हणावं, तर त्यांना कुणाच्या हाताकडे बघायचं नव्हतं. संध्याकाळी देवापुढे पाय लांब पसरून बसायच्या. आधी "पायांचं मनावर घेऊ नकोस रे बाबा" म्हणायच्या, मग नाव घ्यायच्या.

तशात नवा कायदा आला. दुकानात काम करणाऱ्याला बसायला जागा द्यायची, हातात काम नसताना बसू द्यायचं, आणि बसला म्हणून कामावरून काढायचं नाही. मालकांनी मुकाट्याने स्टुलं आणली. दुसऱ्याच दिवशी त्या स्टुलांवर उशांच्या अभ्र्यांचे गठ्ठे चढले.

"वन्सं, गठ्ठे उचलून बाजूला ठेवा की," मी म्हटलं.

"अगं, सगळ्यांच्या आधी बूड कोण टेकवणार? मुलींच्या मागे संसार आहेत."

"आणि तुमच्या खाली पाय नाहीत वाटतं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान रिकामं बघून त्यांनी गठ्ठे फळीवर ठेवले आणि बसल्या. बसल्या खऱ्या, पण दार करकरलं की पाय आपोआप उठायचे. दोनदा तसं झालं. मग त्यांनी काउंटरची कड घट्ट धरून ठेवली. पुन्हा दार करकरलं आणि आत आले ते मालकच.

"काय हो, बसायचंच असेल तर कायमचं घरी बसा!"

मुली पडद्यांआड सरकल्या. वन्संनी मनात देवाचं नाव घेतलं आणि तोंड उघडलं, असं त्या नंतर सांगत होत्या.

"बसते की, मालक. फक्त कारण कागदावर लिहून द्या. 'बसली म्हणून घरी बसवली.' खाली तुमची सही."

पडद्याआडून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"जिभेला हाड नाही तुमच्या!"

"पायांना आहेत ना मालक, तीच दुखतात."

मालक गल्ल्यावर जाऊन बसले. ते पहिल्यापासून बसूनच धंदा करत आले होते, आणि तो कधी बसला नव्हता. कागद काही त्यांनी काढला नाही. चहाच्या वेळेला दुसऱ्या स्टुलावरचे गठ्ठे हलले, मग तिसऱ्यावरचे.

गाठी काही त्याने गेल्या नाहीत. घोट्याला जखम मात्र अजून झालेली नाही.

त्या संध्याकाळी घरी आल्या तेव्हा मी सवयीने म्हटलं, "टेका, वन्सं."

"दुपारभर तेच तर केलं गं," म्हणाल्या, आणि देवापुढे हात जोडून उभ्या राहिल्या.