बुकित पंजांगचं सुप्रीम कोर्ट

साताऱ्यात पद्माकर सबनीसांनी, म्हणजे घरच्यांच्या अण्णांनी, तीस वर्षं कायदा शिकवला. त्यांचा जीव अमेरिकेच्या राज्यघटनेवर, आणि नेमका तोच पेपर ऐच्छिक. ऐच्छिक म्हणजे कुणी न घ्यायचा. एखाद्या वर्षी तिघं आलेच, तर त्यातला एक पंख्याखाली झोपायला आलेला असे. खरा विद्यार्थी त्यांना मिळाला तो निवृत्तीनंतर, सिंगापूरला, बुकित पंजांग भागातल्या एका इमारतीच्या अकराव्या मजल्यावर. ती त्यांची नात होती, अवनी, वय वर्षं आठ.

बायको गेल्यावर मुलगा अमेय त्यांना तिकडे घेऊन गेला. पहिला महिनाभर अण्णा खिडकीशी बसून खालून जाणारी एलआरटीची छोटी ट्रेन बघत. मग एका संध्याकाळी बाबाने आइस्क्रीम नाकारलं म्हणून अवनी रडत त्यांच्याकडे आली. दुसऱ्या कुठल्याही आजोबांनी गुपचूप आइस्क्रीम आणून दिलं असतं. अण्णांनी कोर्ट स्थापन केलं.

"बाबा म्हणजे जिल्हा न्यायालय," त्यांनी समजावलं. "साक्ष, पुरावे, रडणं, काय ते सगळं तिथे उरकायचं. निकाल पटला नाही तर आई. ती अपील कोर्ट. तिथे नवं रडणं चालत नाही, खाली नियम चुकला का एवढंच बघतात. आणि सगळ्यात वर मी, सुप्रीम कोर्ट. मला वाटलं तरच मी केस घेतो."

"हे फेअर नाही लाह, आजोबा," अवनी शाळेतल्या सिंगापुरी ठसक्यात म्हणाली.

"नसेल. पण अमेरिकेत तसंच आहे. हजारो अर्ज येतात, मूठभर घेतात."

मूठभर घेतल्यामुळे अण्णांना पेपर वाचायला वेळ मिळे, हा भाग वेगळा.

कोर्ट आलं म्हणजे घटना हवीच. ती जेवणाच्या टेबलावर ठरली. पहिलं कलम, जेवताना कुणाचं बोलणं मध्येच तोडायचं नाही. बदल करायचा तर चौघांचे हात वर हवेत, तीन चालणार नाहीत. घटना बदलणं अवघडच असायला हवं, नाहीतर ती रोजची भाजी होते, असं अण्णांचं मत.

सून नीता तांजोंग पगार भागातल्या बँकेतून दमून यायची. "अण्णा, हिला आधी पाढे तरी येऊ देत," म्हणायची. परीक्षा जवळ आली तेव्हा तिने नियमच काढला, अवनीने जेवताना तोंड फक्त जेवायला उघडायचं. अवनी पहिल्या कलमाचा आधार घेऊन थेट सुप्रीम कोर्टात. अण्णांनी नियम रद्द केला. घरच्या मालकिणीचा झाला तरी नियम घटनेच्या वर नाही. दोन दिवस स्वयंपाकघरात भांडी आपटली. तिसऱ्या दिवशी नीताच फिर्यादी होऊन आली, जेवताना फोन बघणाऱ्या अमेयविरुद्ध. जिंकली, आणि मग तिलाही चटक लागली.

अण्णांच्या आयुष्यातले ते सर्वात गोड दिवस. आता साताऱ्याच्या घरात जेवताना त्यांचं बोलणं कुणी तोडत नाही, कारण समोर कुणी नसतंच. आमटी ढवळता ढवळता ते कधीतरी मोठ्याने निकाल देतात आणि स्वतःशीच हसतात.

तिसऱ्या वर्षी अमेयची कंपनी बंद पडली. बुओना व्हिस्टाला दुसरी नोकरी लागली, पण पगार उतरला, आणि आईवडिलांना जवळ ठेवायच्या पासला पगाराची अट असते. अण्णांना आता पास मिळणार नव्हता. अमेयच्या तोंडून ते निघता निघेना. शेवटी जेवताना अडखळत त्याने सांगितलं. कुणीही मध्ये बोललं नाही.

"अपील करू या," अवनी म्हणाली.

"हक्क असला तर कोर्टात जाता येतं, राणी. हा हक्क नाही, सवलत आहे."

ती ताठ बसून म्हणाली, "तर मग आपल्या घटनेत घालू. आजोबा इथेच राहणार. हात वर."

तिचा हात वर गेला. नीताचा लगेच, भरल्या डोळ्यांनी. मग अमेयचा, हळूहळू. पुढच्या आठवड्यात विमानतळावर अण्णांना सोडायला त्यालाच जायचं होतं.

अण्णांनी मुलाच्या त्या हाताकडे पाहिलं. चौथा हात वर गेला, की घटना मोडणारा बाप म्हणून ही पोर त्याला जन्मभर लक्षात ठेवणार. त्यांनी हात मांडीवरच ठेवला.

"आजोबा, हात."

"निकाल ज्याला स्वतःसाठी हवा असतो, त्याने त्या केसला बसायचं नसतं."

"म्हणजे तुम्हाला राहायचं नाहीये?"

"फार राहायचंय गं," अण्णा म्हणाले, आणि तीस वर्षं वर्गात न चिरकलेला आवाज चिरकला. "म्हणून तर हात वर करता येत नाही."

तीन हात, दुरुस्ती पडली. अमेय उठून बेसिनकडे गेला आणि नळ सोडून बराच वेळ पाठमोरा उभा राहिला.