काकांच्या गॅरेजचा दिवा

कुठलाही दिवा लागला की काका हात जोडायचे. देवघरातली समई असो, माझ्या स्कूटीचा हेडलाइट असो, नाहीतर फ्रिजमधला बल्ब. तुमच्याही शेजारी असा एखादा नमुना असेलच, पण फ्रिजला नमस्कार करणारा मी तरी हा एकच पाहिला.

जुळे सोलापुरात आमची भिंतीला भिंत. काका सूतगिरणीत फिटर होते. निवृत्त झाल्यावर घराला लागून पत्र्याचं गॅरेज काढलं आणि त्यात जुनी स्कूटर खोलून बसायचे. काकू गेल्यावर तर मुक्काम तिथंच. पुढं काचबिंदू निघाला. पुण्याच्या मुलीनं स्पष्ट सांगितलं, "ज्या दिवशी स्कूटर जोडता येणार नाही, त्या दिवशी घराला कुलूप लावून माझ्याकडे यायचं." काकांनी कबूल केलं आणि सगळा दोष ट्यूबलाइटवर ढकलला. "माझ्या डोळ्याला काय धाड भरलीय? उजेड पडायला पायजे की!"

मग एलईडी बघायला मला धरलं. मी ऑफिसातून पार पिट्टा पडून यावं, तर हे फाटकात पिशवी घेऊन उभे. "पोरी, सात रस्ता चौकात एक दुकान ऱ्हायलंय बघायचं." जिवावर यायचं अगदी, पण न्यायचे. लांब पट्टी, चौकोनी पॅनेल, तीन पात्यांचा दिवा. पांढरा उजेड, पिवळा उजेड. "ह्यो सावली लई पाडतोय." "ह्यो डोळ्यात घुसतोय." दुकानदार कंटाळले, मी तर विटले होते.

शेवटच्या दुकानात दुकानदार एकेक बटण दाबून दिवे दाखवत होता. प्रत्येक खटक्याला काका हात जोडत होते. एक पट्टी लागलीच नाही, तिची वायर सुटली होती. काकांनी तिलाही हात जोडले आणि म्हणाले, "ह्योच द्या. डोळ्याला कसा गार वाटतोय."

ते खटक्याच्या आवाजाला हात जोडत होते. सावलीबिवली सगळं अंदाजानं चाललं होतं. "चांगलाय, काका," मी कसंबसं म्हणाले. दुकानदारानं ती बाजूला ठेवून सगळ्यांत जास्त उजेडाची पट्टी बांधून दिली.

ती लागली आणि समोरच्या वहिनींना खिडकीला जाड पडदा लावावा लागला. त्या लखलखाटात काका चाचपत कार्बोरेटर बसवायचे. स्क्रू पायाशी पडायचा आणि हे भलतीकडेच शोधायचे. मी उचलून हातात द्यायचे. दिवाळीला मुलगी आली, गॅरेजच्या दारात उभी राहून बघत राहिली, आणि आत जाऊन त्यांची बॅग भरायला लागली. काकांनी वाद घातला नाही. शब्द दिलेला होता.

परवा फोन केला. "करमतं का, काका?"

"न करमायला काय झालं? पोरगी लई जपती. घरात उजेड बी लई हाय, म्हणत्यात सगळी. पण हाताला काय लागंना गं हितं."