अण्णांचा पाय आणि मालकांची बिडी

चाळीस वर्षं बिडी ओढलेल्या माणसाला "मनावर घे, आपोआप सुटेल" असं सांगून तुम्ही आजवर किती जणांना वाऱ्यावर सोडलंय?

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या बाबतीत हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलंय की आता ते म्हणणाऱ्याचा चेहराही बघवत नाही. लोह्याकडच्या आमच्या गावात सरपंचानं ते म्हटलं, सप्त्यातल्या महाराजांनी म्हटलं, आणि गालात तंबाखूचा बार धरून मास्तरांनीही म्हटलं. तोवर अण्णांच्या उजव्या पायाचं एक बोट काळं पडून काढावं लागलं होतं. बिडीनं पायाच्या रक्तवाहिन्या बंद होत चालल्यात, बिडी थांबली नाही तर पाय घोट्यातून काढावा लागेल, असं नांदेडच्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. आणि पाय जायची वेळ आली तरी गावाजवळ औषध एकच. मनावर घ्या.

मी पत्रकं वाचत मोठी झालेली पोर. जयंतीला, मोर्चाला गेलेले अण्णा येताना पत्रकांची चळत घेऊन यायचे आणि माझी अक्षरओळख त्यांवरच झाली. पत्रकात प्रत्येक अन्यायाला कुणीतरी जबाबदार असतं. बिडीला मात्र कुणीच जबाबदार नाही, फक्त ओढणाऱ्याचं मन कच्चं, हे मला पटेना. म्हणून लातूरजवळच्या एका निवासी व्यसनमुक्ती केंद्रात मी अण्णांना भरती केलं.

गावाला करमणूक मिळाली. "दारू न्हाई, गांजा न्हाई, अन् बिडीसाठी माणूस कोंडायलेत!" "पोरगी शिकली अन् बापाला होस्टेलात घातलं!" हसणाऱ्यांपैकी प्रत्येकाच्या बोटांत बिडी होती आणि प्रत्येकाला खोकला होता. हसता हसता खोकायचे, खोकता खोकता दुसरी पेटवायचे.

केंद्रातही बहुतेक जण दारू सोडायला आलेले. त्यांनीही अण्णांना सोडलं नाही. "काका, तुम्ही बिडीसाठी आलाव? मग आम्ही तर फाशीलाच जायला पाहिजे!" पण आठवड्याभरात त्यांचं हसू गेलं. कारण सगळ्यांत जास्त अण्णाच तडफडले. भाजीवरून भांडले, उशीवरून भांडले, मला फोन करून म्हणाले, "पोरी, ने मला इथून, न्हाई तर भिंतीवरून उडी मारतो."

"मारा," मी म्हणाले. "एका पायावर कशी मारताव ते बघते."

तिथं उपदेश फार नव्हता, हे बरं. डॉक्टर निकोटिनचं च्युइंगम देत. जेवणानंतरचा चहा बंद, त्याजागी ताक, कारण अण्णांना चहाचा घोट गेला की हात आपोआप खिशाकडं जायचा. तलफ आली की फुटाणे खायचे आणि पटांगणात चालायचं. महिन्याभरानं पायाचा रंग बदलला, जखम सुकत आली. अण्णा घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक आले.

मालक म्हणजे आमच्या गावातले मोठे शेतकरी. शाळेत शिपाई लागण्याआधी अण्णा त्यांच्याच शेतात सालगडी होते. मालकांच्या वडिलांच्या काळी आमच्या लोकांना बिडी वरून टाकत आणि आमचे लोक ती ओंजळीत झेलत. अण्णांच्या पिढीनं ओंजळ धरणं बंद केलं. हातात द्या, नाही तर राहू द्या. त्यावरून भांडणं झाली, कामं गेली, आणि शेवटी मालकांनी बिडी हातात दिली, एकाच काडीवर दोघांनी पेटवली. आमच्या गल्लीत तो विजय होता. लहानपणी मला ही गोष्ट सांगताना अण्णांची छाती फुगायची.

तर मालकांनी आमच्या ओट्यावर बसून बंडल काढलं आणि एक बिडी पुढं केली. "घे की."

अण्णांनी हात पुढं केला नाही.

"का रे? आता आमच्या हातचं चालंना झालं व्हय?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं, बिडीकडं बघितलं आणि घेतली. जो हात मिळवायला अर्धं आयुष्य घातलं, तो हात त्यांना परत लोटवेना. संध्याकाळी दुकानातून बंडल आलं. थंडीत दुसरं बोट काळं पडलं, तेही काढावं लागलं. डॉक्टर म्हणाले, आता पुढच्या वेळी मी बोटाचं बोलणार नाही.

पुन्हा लातूर. समुपदेशन करणाऱ्या मॅडमनी या खेपेला एकच विचारलं, "सुटल्यावर पहिली बिडी विकत घेतली, का कुणी दिली?" मी सगळं सांगितलं. मग त्यांनी अण्णांना नकार द्यायचा सराव करायला बसवलं. मी मालक झाले. खुर्चीवर पायावर पाय टाकून बसले आणि म्हणाले, "घे की."

अण्णांचा हात सवयीनं पुढं आला. भोवती जमलेले दारूवाले सल्ले द्यायला लागले. "काका, म्हणा डॉक्टरनं सांगितलंय." "म्हणा उपास हाय."

"खोटं कशापायी बोलू?" अण्णा चिडले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "पोरी, तुला सोपं हाय. मी न्हाई म्हणलो तर त्यांना वाटंल, जुनं भांडण उकरून काढलं."

"वाटू द्या."

"त्या हाताची किंमत तुला ठाव न्हाई."

रोज सराव झाला आणि रोज अण्णा अडकले. ते निघाले तेव्हा तो नकार त्यांनी एकदाही उच्चारला नव्हता. एस.टी.त मी खिडकीबाहेर बघत बसले. पाय जाणार, हे मी मनात धरलंच होतं.

मालक आले. तोच ओटा, तेच बंडल, तेच "घे की."

अण्णा म्हणाले, "बिडी नको, मालक. तहान लागलीय. चला तुमच्या घरी, आत बसतो. तुमच्या हातानं तांब्याभर पाणी द्या."

मालकांचा हात हवेतच राहिला. "पाणी? तुमच्या घरी पाणी न्हाई का?"

"हाय की. बिडी बी हाय दुकानात."

मालकांनी बंडल खिशात घातलं. "विहिरीवरची मोटार चालू करायची राहिलीय," म्हणत उठले आणि गेले.

एवढीच होती ती बरोबरी. ओट्यावरच्या ओट्यावर देता येते, स्वतःच्या घराचा उंबरा ओलांडू द्यावा लागत नाही, म्हणून ती बिडीच्या रूपात मिळत होती. माझ्या बापानं ती मान म्हणून ओढली आणि दोन बोटं दिली. मालकांचं काय गेलं? एक पान आणि चिमूटभर तंबाखू. अशा दिलदारपणाची मला किळस येते.

अण्णांचा पाय अजून शाबूत आहे. जखम सुकली, ते बसस्टँडपर्यंत चालत जातात. वाटेत मालक भेटले की सवयीनं बंडल काढतात, अण्णा पाणी मागतात, आणि मालकांना काहीतरी काम आठवतं. गावात आता म्हणतात, म्हातारा माजलाय. माजू दे. दोन पायांवर उभा राहून माजलाय.

तुमच्या गावात कुणी अशा केंद्रातून परत आला असेल, तर भेटायला जाताना खिसा रिकामा करून जा. आणि त्याला खरोखर मान द्यायचा असेल, तर घरी बोलवा, आत बसवा, आणि तुम्ही पिता त्याच तांब्यातलं पाणी स्वतःच्या हातानं द्या. आजच बोलवा.