फाट्यावरची सिंगल बेल

या सदरात लोक काय काय लिहितात ते मी वर्षभर वाचतो आहे आणि वाचून हसतो आहे. कुणाला पांढरी साडी दिसते, कुणाची गाडी भर रस्त्यात आपोआप बंद पडते... अरे बाबांनो, गाडी बंद पडली तर आधी पेट्रोल बघा! मी अठ्ठावीस वर्षं प्रवासी बस चालवली. भंडारा जिल्ह्यातला असा रस्ता नाही जिथून मी अमावस्येला गेलो नाही. आंबागडचं जंगल, साकोलीकडच्या तलावांचे बांध, सगळं पालथं घातलं. दिसली ती रानडुकरं, आणि पिऊन रस्त्यात आडवी झालेली माणसं. त्यात आमच्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात ना लिंबू ना मिरची, ना कुणाच्या अंगात येणं. तेव्हा भुताचं मला सांगू नका, मीही सांगत नाही. जे झालं तेवढं लिहितो.

माझी मुलगी प्रज्ञा. तिची पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा नागपूरच्या विद्यापीठ कॅम्पसमध्ये. गेट साडेदहाला बंद, नंतर कुणाचा बाप आला तरी उघडत नाही. हे मला पक्कं माहीत आहे, कारण मागच्या वर्षी तो बाप मीच होतो. पवनीहून उमरेडमार्गे गाडी सरळ नागपुरात घातली आणि एका चौकात सव्वा तास अडकलो. नागपूरकरांना गाडी चालवता येत नाही हे माझं नोकरीपासूनचं मत. सिग्नल हिरवा झाला की आधी हॉर्न मारायचा, मग खर्रा थुंकायचा, मग गिअर टाकायचा. आम्ही गेटवर पोचलो तेव्हा सात मिनिटं उशीर झाला होता.

यंदा फॉर्म भरताना प्रज्ञा म्हणाली, "बाबा, हे शेवटची. हुकली तं मी पुन्हा नाही बसत. अन् तुमच्या रस्त्यानं तं बिलकुल नाही."

झोंबलं. पण खरं होतं.

मग आठ दिवस मी रस्त्याचा विचार केला. नागपूरचा भाचा मोबाईल नाचवत आला, "मामा, मॅप लावा ना, कायले डोकं खपवता?" हा मुलगा स्वतःच्या कॉलनीत मॅप लावून जातो. मी त्याला चहा पाजून परत पाठवलं. माझा बेत साधा होता. पवनी, नीलज फाटा, भिवापूर, उमरेड, आणि नागपूर लागायच्या आत डावीकडे बाहेरचा रिंग रोड. शहराला वळसा घालून पश्चिमेकडून कॅम्पस गाठायचा. अंतर जास्त, पण शहराचं तोंड बघायला नको.

रविवारी सव्वासहाला निघालो. बांध्यांमध्ये धान पिवळा पडला होता, रस्ता मोकळा, उजेड चांगला. मुद्दाम सांगतो, कारण उद्या कुणीतरी म्हणेल अंधारात भास झाला. प्रज्ञा बाजूला बसून नोट्स वाचत होती. पवनी सोडल्यावर दहा मिनिटांत एक फाटा लागतो. गावाचं नाव लिहीत नाही, रिकामटेकडे लोक रील काढायला जातील.

आणि तिथे बेल वाजली. टण... एकच.

ज्यांनी जुन्या बसमधून प्रवास केला त्यांना सांगायला नको. कंडक्टर दोरी ओढतो आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर घंटा वाजते. एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. डोक्याने विचार करायच्या आत पाय ब्रेकवर गेला होता. माझ्या या छोट्या जुन्या कारमध्ये बेल नाही, दोरी नाही, रेडिओसुद्धा दोन वर्षं बंद आहे.

प्रज्ञाने वही खाली केली. "बाबा, बेल कोनं वाजवली?"

म्हणजे तिनेही ऐकली. हे लक्षात ठेवा.

हा फाटा शेंडे कंडक्टरच्या गावचा. शेंडे माझ्या बसवर सहा वर्षं होता. मला तो कधीच आवडला नाही. ड्युटी सुरू करताना बसच्या पायरीला हात लावून तो कपाळाला लावायचा. गाडीत सुट्ट्या पैशांवरून रोज भांडणं, आणि हा वैनगंगेच्या पुलावरून नदीत नाणं टाकायचा! मी तोंडावर त्याची टिंगल करायचो, तो हसायचा. एकदा सकाळच्या फेरीला या फाट्याजवळ त्याने सिंगल बेल दिली. त्याची मुलगी उभी होती, बारावीचा पेपर होता तिचा. इथे अधिकृत थांबा नव्हता. मी आरशात त्याच्याकडे बघितलं आणि गाडी पुढे काढली. कंडक्टरच्या मुलीसाठी आज थांबलो तर उद्या त्याच्या म्हशीसाठी थांबावं लागेल, असंही मोठ्याने बोललो. पन्नास माणसं हसली. त्याने पुन्हा बेल दिली, पुन्हा दिली. मी थांबलो ते पुढच्या थांब्यावर, दोन किलोमीटरवर. मागची बस दीड तासाने होती. मुलीचा पेपर गेला, वर्ष गेलं. त्यानंतर शेंडे दोन वर्षं माझ्याच गाडीवर होता आणि आमच्यात बेल सोडून काही बोलणं झालं नाही. एक, दोन. एक, दोन. परवाच्या उन्हाळ्यात तो वारला. मी मातीला गेलो नाही.

तर गाडी थांबली आणि डावीकडे बाभळीखाली एक बाई उभी दिसली. तीस-बत्तीसची, खांद्याला पर्स, हातात प्लास्टिकच्या पिशवीत हॉल तिकीट. जिवंत बाई होती, पायात सँडल होत्या, उगाच वेडंवाकडं समजू नका. प्रज्ञाने काच खाली केली.

"ताई, पीएच.डी.च्या परीक्षेले जाऊन राहिल्या का?"

"हो ना. सहाची बस आलीच नाही."

"मंग बसा ना!"

बाई माझ्याकडे बघत राहिली. मीही बघितलं. शेंडेचं नाक, शेंडेचे डोळे. ती मागे बसली. मी मात्र न्यूट्रलमध्येच. प्रज्ञा म्हणाली, "बाबा, चाला ना, काहून थांबले?" आता काय सांगू? मी डबल बेलची वाट बघत होतो. ती आली नाही, तेव्हा निघालो.

माझ्या बेताचं काय झालं तेही सांगतो. रिंग रोडला लागलो आणि काही वेळाने समोर ट्रकांची रांग, कंटेनर आडवा. एकही सिग्नल नसलेला माझा रस्ता! रांगेतच तासभर गेला, पावणेदहा झाले. प्रज्ञाचा चेहरा मागच्या वर्षीसारखा पांढरा पडला. मागून आवाज आला.

"काका, हे उजवीकडली कच्ची वाट घ्या. गावातून जाते, कॅम्पसच्या मांगच्या गेटजवळ निंघते. एम.ए.ले मी दोन वर्षं आटोनं हितूनच जावो."

मला रस्ता सांगणारी माणसं आवडत नाहीत. पण मी गाडी वळवली. गोठे, वीटभट्टी, एक शाळा, आणि दहा वाजून बावीस मिनिटांनी गेट. दोघी पळत आत गेल्या. मी बाहेर गाडीत बसून राहिलो. मला लाज वाटत होती, स्पष्टच लिहितो. ती बारावीनंतर एम.ए.पर्यंत पोचली, नोकरी करून पोचली असेल, आणि मी तिच्या बापाची म्हैस काढली होती.

संध्याकाळच्या आत फाट्यावर परत आलो. ती उतरायच्या आधी मी विचारलं, "सकाळी तू हात दाखवला होता का वो, बाई?"

"नाही."

"काहून?"

"तुमाले काचेतून ओरखलं ना. मनलं, हे तं मेश्राम ड्रायव्हर. हे कायले थांबतेत? हात कायले दुखवा आपला?" तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. गंजलेल्या पत्र्याकडे बघावं तसं तिने माझ्याकडे बघितलं.

माफी मागायची होती. अठ्ठावीस वर्षांत सवय नाही, तोंडातून निघाली नाही. ती उतरली, दार लावलं आणि गाडीच्या टपावर बोटांनी दोनदा ठोकलं. टण टण. कंडक्टरच्या मुलीची सवय असेल. मी निघालो.

निकाल लागला. दोघी पास झाल्या, तिचे मार्क प्रज्ञापेक्षा जास्त. मेकॅनिकने गाडी उलटीपालटी केली, टणकन वाजेल असं काही सापडलं नाही. भाचा म्हणतो, "मामा, तुमच्या डोक्यात बसला आहे तो आवाज." असेल बुवा. पण मग प्रज्ञाच्या डोक्यात तो कुणी बसवला? तिने शेंडेला कधी बघितलंही नव्हतं. आणि तुमच्यापैकी जे भुतांवर टपलेले आहेत त्यांनाही सांगतो, शेंडे भूत झाला असता तर त्याने माझ्यासारख्यासाठी वेळ घालवला नसता.

त्या फाट्यावरून अजून जातो, बेल पुन्हा वाजली नाही. गाडी मात्र मी दर वेळी थांबवतो. मागच्या आठवड्यात तिथल्या टपरीवाल्याने विचारलं, "कोन्ही नाही तं काहून थांबता जी?"

मी म्हणालो, "पंधरा वर्षांपूर्वी बेल झाली होती."